फॅशनसाठी जपानला जाताय? आधी कापडाच्या जुन्या दुकानांत जा

जपानला फॅशन पाहायला जाणारे बहुधा हाराजुकूच्या गल्ल्यांचे नाव घेऊन निघतात. माझा सल्ला वेगळा आहे. टोकियोत दोन दिवस असतील, तर त्यातला एक तिथल्या जुन्या डिपार्टमेंट स्टोअर्सना द्या. भाऊ तिकडे नोकरीला असल्यामुळे माझे दोनदा जाणे झाले. आता फॅशन डिझाइन शिकलेली माझी एक जुनी विद्यार्थिनी निघाली आहे. "मिस, कुठं फिरू?" असे तिने विचारले. मोहल्ल्यातल्या काहींनी मात्र "हिजाब घालणाऱ्या मुलीला फॅशनशी काय करायचंय?" असे विचारले. दोघांनाही उत्तर एकच आहे.

सुरुवात निहोनबाशीच्या मित्सुकोशीपासून करा. १६७३ मध्ये मित्सुई ताकातोशी यांनी एदोत, म्हणजे आजच्या टोकियोत, एचिगोया नावाचे कापडाचे दुकान काढले. त्या काळचे व्यापारी बड्या लोकांच्या घरी तागे घेऊन जात, उधारीवर विकत आणि गिऱ्हाईक बघून भाव सांगत. मित्सुईंनी रोख पैसे आणि सर्वांना एकच भाव असा नियम केला. हवे तेवढेच कापड कापून द्यायला सुरुवात केली. त्यामुळे साध्या माणसालाही रेशमाचा तुकडा घेता येऊ लागला. मापात खोट नको आणि गिऱ्हाइकाला फसवू नको, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. त्यावर एवढा मोठा धंदा उभा राहू शकतो, हे तिथे दिसते.

दुसरे ठिकाण शिंजुकूचे इसेतान. हेही १८८६ साली किमोनोच्या कापडाचे दुकान म्हणून सुरू झाले. शिंजुकूची इमारत १९३३ ची. आजच्या जपानी डिझायनरांचे काम एका छपराखाली पाहायचे, तर इथे. इस्से मियाके यांचे चुण्यांचे कपडे हातात घेऊन पाहा. आधी कपडा मोठ्या मापाचा शिवतात आणि मग त्याला चुण्या पाडतात. सैल, लांब, अंग झाकणारा आणि तरीही देखणा कपडा कसा होतो, ते आमच्या मुलींनी तिथे शिकावे. त्याच घराण्यात 'हाट' नावाचा ब्रँड आहे. नाव आपल्याच हाट-बाजारातले आणि त्यात भारतीय कारागिरीचा वापर.

तिसरे ताकाशिमाया. १८३१ मध्ये क्योतोत जुने कपडे आणि सुती कापड विकणारे हे दुकान. त्याच्या शिंजुकूच्या शाखेत नमाजाची खोली आहे, म्हणून दुपार तिथे ठेवा. जुम्मा असेल तर ओदाक्यू रेल्वेने योयोगी-उएहाराला उतरा. टोकियो जामी मशीद तिथून चालत काही मिनिटांवर आहे.

तळघरातले खाद्यपदार्थांचे दालन बघण्यासारखे आहे, पण घेताना विचारा. डुकराचे मांस आणि जिलेटिन तर असतेच, शिवाय शिजवताना मिरिन ही तांदळाची गोड दारूही वापरतात. पासपोर्ट जवळ ठेवा, कारण परदेशी पाहुण्यांना विक्रीकरात सवलत मिळते. किमती पाहून दबू नका. काही घेतले नाही तरी विक्रेती तेवढ्याच अदबीने कापड उलगडून दाखवते.

कुणी म्हणेल, हा इसराफ आहे. उधळपट्टी खरेदीत असते, पाहण्यात नाही. मालेगाव, भिवंडीत रात्रंदिवस यंत्रमाग चालतात. त्यावरचे बरेचसे कापड कोरेच बाहेर जाते. रंग, छपाई, शिवण आणि नाव दुसऱ्याचे, नफाही दुसऱ्याचा. आपल्या वाट्याला मीटरमागची मजुरी आणि कानात माग. घराघरांत शिवणयंत्रावर बसलेल्या आमच्या बायकांचेही तेच.

मित्सुकोशी, इसेतान, ताकाशिमाया ही तिन्ही मुळात कापडवाल्यांची दुकाने. कापड विणणाऱ्यांच्या वस्तीतली एक मुलगी ती डोळ्यांनी पाहून येणार असेल, तर तिला कपड्यांचा शौक आहे म्हणून हिणवू नका. वही-पेन्सिल देऊन पाठवा आणि परत आल्यावर तिचे ऐका.