मुख्याध्यापकाची कार्यशैली आणि शिक्षकाचे समाधान

शिक्षकाची वेतनश्रेणी मुख्याध्यापक ठरवत नाही. तरीही शिक्षकाला सकाळी शाळेत यावेसे वाटते की नाही, हे बरेचसे मुख्याध्यापकाच्या वागण्यावर ठरते. समाधान देणाऱ्या गोष्टी वेगळ्या आणि असमाधान निर्माण करणाऱ्या वेगळ्या, असे फ्रेडरिक हर्झबर्ग यांनी १९५९ मध्ये मांडले. थॉमस सर्जिओव्हानी यांनी १९६७ मध्ये हीच मांडणी शिक्षकांबाबत तपासली. यश, कौतुक आणि जबाबदारी यांतून समाधान मिळते, तर पर्यवेक्षण आणि प्रशासन यांतून नाराजी उपजते, असे त्यांना दिसले. मुख्याध्यापकाचा हात या दोन्हींपर्यंत पोहोचतो.

कर्ट लेविन आणि सहकाऱ्यांनी १९३९ मध्ये मुलांच्या गटांवर केलेल्या प्रयोगांमुळे हुकूमशाही, लोकशाही आणि मोकळे सोडणारी अशा तीन शैली रूढ झाल्या. शाळेत त्या ओळखू येतात त्या रोजच्या साध्या गोष्टींत. वेळापत्रक शिक्षकांना विचारून केले की थेट फळ्यावर लावले? बदली तास नेहमी त्याच दोघा-तिघांच्या वाट्याला येतात का? किरकोळ रजेचा अर्ज देताना सगळ्यांसमोर खुलासा करावा लागतो का? वर्गनिरीक्षणात तर शैलीचा कसच लागतो. टाचणवहीवर सही करून निघून जाणारा मुख्याध्यापक आणि तास संपल्यावर मुलांच्या चुकांविषयी शिक्षकाशी दहा मिनिटे बोलणारा मुख्याध्यापक, दोघेही निरीक्षणच करतात. पण दुसऱ्याच्या शाळेत शिक्षकाला आपल्या कामाची कदर झाल्याचे जाणवते. काहीच न विचारणारा मुख्याध्यापक सुरुवातीला सोयीचा वाटतो. पुढे पालकांची तक्रार आली की शिक्षक एकटा पडतो, आणि तेव्हाची नाराजी सर्वांत खोल असते.

मात्र सगळा भार व्यक्तीच्या स्वभावावर टाकणे अन्यायाचे आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी १५० हून अधिक विद्यार्थी असतील तेव्हाच स्वतंत्र मुख्याध्यापकाची तरतूद आहे. त्यामुळे जिल्हा परिषदेच्या असंख्य लहान शाळांत ज्येष्ठ शिक्षकच प्रभारी असतो. स्वतःचा वर्ग, पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती आणि केंद्रप्रमुखांच्या बैठका सांभाळताना सहकाऱ्याच्या वर्गात बसायला त्याला सवडच मिळत नाही. नेतृत्वाच्या प्रशिक्षणावर खर्च करण्याआधी अशा शाळांना, निदान केंद्रपातळीवर, लिपिक द्यायला हवा.