मिश्रीचा रकाना

असंसर्गजन्य आजारांची जोखीम गुणांनी मोजणारा सीबॅक फॉर्म शंभर टक्के भरून पोर्टलवर चढविण्याचा तगादा पुन्हा सुरू झाला असून, जुन्नर व आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यातील आशा स्वयंसेविकांकडून आमच्या दप्तरी दाखल झालेल्या तक्रारींत मुदत, मोबदला आणि रेंज या नित्याच्या बाबींखेरीज एक बाब अशी आहे की, तिची दखल वरिष्ठांनी आजवर का घेतली नाही याचेच नवल वाटावे. तंबाखूच्या प्रश्नात धूम्रपानाच्या जोडीला गुटखा व खैनी यांची नावे आहेत, मिश्रीचे नाही. ज्या गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे त्याची घरोघर चौकशी करावयाची, आणि तव्यावर तंबाखू काळी होईतो भाजून, कुटून, डाव्या तळहातावर घेऊन जी बाई ती दिवसातून चार वेळा हिरड्यांना चोळते, तिला मात्र ‘कधीच नाही’ म्हणून शून्य गुण देऊन मोकळे व्हावयाचे! ती खोटे बोलत नाही. तंबाखू ती खातच नाही, मिश्री लावते. रोजच्या तंबाखूला दोन गुण असतात आणि बेरीज चारांवर गेली तरच तपासणीत अग्रक्रम मिळतो, हे ध्यानी घेतले म्हणजे तीनांवर वा चारांवर अडकलेल्या बाईचे या एका शून्याने काय होते ते वाचकांस सांगावयास नको.

पुढचा प्रश्न आठवड्याला १५० मिनिटांच्या शारीरिक हालचालीचा. आहुपे किंवा हातवीज येथे आषाढात चिखलात दिवसभर वाकून भाताची आवणी करणारीला ‘व्यायाम करता का?’ असे विचारले की ती हसून नाही म्हणते, आणि एक गुण फुकट चढतो.

उलट मंचर-नारायणगावचा बागाईतदार मनगटावरील घड्याळात दहा हजार पावले भरावीत म्हणून जेवणानंतर अंगणात येरझारा घालतो. (हा आकडा १९६५ साली जपानात विक्रीस आलेल्या पाऊलमापकाच्या नावातून आला, वैद्यकशास्त्रातून नव्हे; पण तो चालतो हे खरे.) त्याचा आकडा त्याच्या डोळ्यांसमोर राहतो, आवणीवालीचा पोर्टलवर जातो तो तिच्याकडे कधी परतत नाही. मग नोंदीने सवय न बदलता उत्तर तेवढे बदलते, आणि दुसऱ्या फेरीस आशा उंबऱ्याशी दिसताच मिश्रीची डबी पदराआड जाते.

आमच्या काही भगिनींविषयीही स्पष्ट लिहिणे प्राप्त आहे. रेंज मिळेल त्या टेकाडावर बसून गतसालचीच उत्तरे एका रात्रीत पुन्हा चढविण्याचा शिरस्ता पडला आहे; तगाद्याचा जाच आम्ही जाणतो, तथापि त्या नोंदीत बाईही नाही आणि तिची मिश्रीही नाही. फॉर्म सुधारेपर्यंत थांबू नका. ‘तंबाखू खाता का?’ ऐवजी ‘दात कशाने घासता?’ असे विचारा. मिश्री निघाली तर रोजचे सेवन म्हणून दोन गुण बिनदिक्कत द्या, बेरीज तिथल्या तिथे तिला वाचून दाखवा, आणि गरोदर असेल तर मिश्रीने बाळाचे वजन कमी भरते हे सासूच्या देखत सांगा, कारण बहुधा तवा सासूचाच असतो. गटप्रवर्तकांनी येत्या मासिक सभेत मिश्रीचा स्वतंत्र रकाना तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे लेखी मागावा, आणि अर्जाची पोच घेतल्याखेरीज उठू नये.