गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

गिरणगावचे जे झाले ते शहराच्या भल्याचेच झाले, असे आता उघडपणे म्हटले जाते. म्हणणारे अडाणी नाहीत. नगररचना शिकलेले, पर्यावरणाची आस्था असलेले लोकही त्यांत आहेत. त्यांची मांडणी अशी: 1982च्या संपानंतर परळ, लालबाग, वरळी या पट्ट्यातल्या गिरण्या एकामागून एक थंडावल्या. मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या हाताशी असलेली शेकडो एकर जमीन भिंतींच्या आड निकामी पडून राहिली, आणि शहर तिला वळसा घालून वसई, कल्याण, पनवेलकडे पसरत गेले. वाटेतली शेते आणि खाजणे त्याने गिळली. पुढे त्या पडीक जमिनीवर टॉवर आणि कचेऱ्या उभ्या राहिल्या. म्हणजे एकदा वापरलेली जमीनच पुन्हा वापरात आली. शाश्वत शहर म्हणतात ते याहून वेगळे काय असते?

यातला पूर्वार्ध मला पूर्ण मान्य आहे. शहराच्या पोटात रिकामी पडलेली जमीन पुन्हा वापरणे हे शहराबाहेरची कोरी जमीन मोडण्यापेक्षा केव्हाही चांगले. तिथे रस्ते, नळ, वीज, रेल्वे, शाळा, इस्पितळे आधीच असतात. माझा आक्षेप उत्तरार्धाला आहे. जमीन पुन्हा वापरात आली एवढ्यावरून शहर शाश्वत झाले असे ठरत नाही. ती कोणाच्या वापरात आली आणि तिच्यावर पडणाऱ्या पावसाचे, तिच्यावर राबलेल्या माणसांचे काय झाले, हे पाहिल्याशिवाय तो निकाल देता येत नाही.

मुंबईत 58 गिरण्या होत्या आणि त्यांच्याखाली सुमारे 600 एकर जमीन. 1991च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या 58व्या नियमाने तिची वाटणी ठरवली होती. गिरणीची जमीन विकासाला काढायची तर एक वाटा पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक वाटा म्हाडाला सार्वजनिक घरांसाठी आणि एक वाटा मालकाला. सरळ भागाकार केला तरी प्रत्येक वाट्याला 200 एकरांच्या आसपास जमीन येते. शिवाजी पार्क सुमारे 28 एकरांचे आहे. म्हणजे अशी सात मैदाने मध्य मुंबईला मिळाली असती, आणि तितक्याच जमिनीवर सामान्य माणसांची घरे.

2001 साली नियमातले शब्द बदलले. वाटणी अख्ख्या जमिनीची न करता फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची, असे ठरले. ज्याने गिरणी आतून पाहिली आहे त्याला याचा अर्थ लगेच कळतो. गिरणी म्हणजे एकाला एक लागून असलेली खाती, गोदामे, बॉयलरघर. मोकळे असते ते आवार, एखादे तळे, फाटकाजवळची जागा. वाटणीला उरला तो एवढाच तुकडा. बाँबे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुपने न्यायालयात दाद मागितली. ऑक्टोबर 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने कौल दिला आणि मार्च 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. बदल कायद्यात बसतो हे त्या निकालाने ठरले. तो शहराच्या हिताचा होता का, हा प्रश्न मात्र आजही आपल्याच अंगावर आहे.

बदलाचे समर्थक सांगतात की 1991चा नियम चालणारा नव्हता. दहा वर्षांत फार थोडे मालक पुढे आले, जमिनी तशाच गंजत पडल्या, कामगारांची देणी थकली; नियम सैल झाला तेव्हा कुठे पैसा हलला. मालक पुढे आले नाहीत हे खरे. पण जमिनीचा भाव दर वर्षी चढत असताना, नियम आज ना उद्या सैल होईल अशी आशा असताना, मालकाने घाई का करावी? अशा वेळी नियम मोडीत काढण्याऐवजी थांबणे महाग करायचे असते. शिवाय 25 गिरण्या राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या, म्हणजे सरकारच्याच होत्या. उदाहरण घालून द्यायला तिथे कोणाची आडकाठी होती? त्याच महामंडळाने 2005 साली लोअर परळच्या मुंबई टेक्स्टाइल मिलची सतराएक एकर जमीन 702 कोटी रुपयांना विकली. एकराला चाळीस कोटी असा भाव मिळत असताना कामगारांची देणी भागवायला जवळजवळ सगळीच जमीन द्यावी लागते, हे मला पटत नाही.

दुसरा युक्तिवाद दाटीचा आहे आणि तो जास्त वजनदार आहे. रेल्वे स्थानकापासून चालत जाता येईल अशा जागी उंच आणि दाट बांधावे, म्हणजे माणसे गाडी सोडून रेल्वेने जातील. तत्त्व बरोबर आहे. पण गिरणगावातल्या टॉवरच्या पायथ्याशी काय असते? मोटारींसाठी चार-चार, पाच-पाच मजली पोडियम. स्थानकाच्या दारातली जमीन अशा कुटुंबांना मिळाली ज्यांना स्थानकाची गरज नाही. ज्यांना होती त्यांचे काय झाले? गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत 2012 साली निघाली, 6,925 घरांची. अर्ज दीड लाखाच्या आसपास होते. आज उरलेल्यांना शेलू आणि वांगणी दाखवली जाते, बदलापूरच्याही पुढे. चाळीतून पायी गिरणीत जाणाऱ्या माणसाच्या नातवाने रोज लोकलमध्ये तीन-साडेतीन तास काढायचे, आणि याला दाट, आटोपशीर, पर्यावरणपूरक शहर म्हणायचे? म्हाडाचा वाटा म्हणजे खरी दाटी होती. तोच आपण सर्वांत आधी सोडून दिला.

कचेऱ्यांबद्दलही हेच. 1996 साली नेमलेल्या चार्ल्स कोरिया समितीचा आग्रह होता की गिरण्यांची जमीन एकेका फाटकाआड सुटी न पाहता एकत्र पाहावी, म्हणजे रस्ते, चौक, मैदाने यांची सलग आखणी होईल. तसे झाले नाही. प्रत्येक गिरणी स्वतंत्रपणे उठली, लाखो लोक नव्या कचेऱ्यांत येऊ लागले, आणि त्यांना स्थानकातून बाहेर काढणारे जिने व पूल तेच राहिले. 29 सप्टेंबर 2017 रोजी एल्फिन्स्टन रोडच्या अरुंद पुलावर चेंगराचेंगरीत 23 माणसे मेली. पाऊस आणि अफवा हे निमित्त झाले. त्या पुलावर एवढी माणसे रोज का येत होती याचे उत्तर आजूबाजूच्या सुट्या सुट्या आराखड्यांत आहे.

मला माझ्याच बाजूच्या काही मित्रांशीही भांडायचे आहे. जुनी खाती, विटांच्या चिमण्या, उत्तरेचा उजेड आत घेणारी करवती छपरे जपली आणि त्यांत उपाहारगृहे थाटली की काम झाले, असे त्यांना वाटते. इमारत न पाडता वापरणे चांगलेच, त्यात विटा, लोखंड, सिमेंट वाचते. पण वापर बदलला की आगीचे, हवेचे, बाहेर पडण्याच्या वाटांचे गणितही बदलते. डिसेंबर 2017 मध्ये कमला मिलच्या आवारात लागलेल्या आगीत 14 जण गेले. जुने टिकवल्याचे समाधान त्यांच्या घरच्यांना काय कामाचे!

आता माझी बाजू मांडतो. मोकळा वाटा कशासाठी हवा होता, याचे सर्वांत ठोस उत्तर हिंदमाताला मिळते. दादर-परळचा हा सखल भाग दर पावसाळ्यात तुंबतो. उपाय म्हणून पालिकेला जमिनीखाली साठवण टाक्या बांधाव्या लागल्या. त्या कुठे बांधल्या? दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर मैदानाखाली. कारण आसपास खोदता येईल अशी सार्वजनिक मोकळी जमीनच फारशी उरली नाही. काही फर्लांगांवर गिरण्यांची आवारे होती. त्यांतल्या कित्येकांत तळी होती, कारण यंत्रांना आणि सुतात ओलावा राखायला पाणी लागे. आज तिथे खोल तळघरे आहेत, जमिनीत मुरण्याआधीच पाणी रस्त्यावर येते. 200 एकर उघडी माती परळ-वरळीत असती तर हिंदमाताचे पाणी नाहीसे झाले असते असे मी म्हणत नाही. पण पाण्याला थांबायला जागा मिळाली असती.

आणि हे स्वप्नरंजन नाही. धारावीला लागून, मिठीच्या काठी, 1977पर्यंत मुंबईचा कचरा पडत होता. त्या ढिगावर माती घालून झाडे लावली, आणि 1994 साली ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान म्हणून लोकांना खुले झाले. 37 एकर. आज तिथे दाट झाडी आहे, पक्षी आहेत, शाळांची मुले येतात. त्याउलट मालाडच्या चिंचोली बंदर कचराभूमीच्या परिसरात कचेऱ्यांची वसाहत उभी राहिली आणि पुढे आतल्या संगणकांचे भाग वायूंमुळे गंजत असल्याच्या तक्रारी आल्या. आजारी जमीन बरी व्हायला वेळ घेते. जर्मनीतल्या ड्यूसबुर्गमध्ये 1985 साली थिसेनचा लोखंडाचा कारखाना बंद झाला, तेव्हा तो पाडून विकण्याऐवजी पीटर लाट्झ या भूदृश्यरचनाकाराच्या आराखड्यानुसार त्याचे सार्वजनिक उद्यान केले. भट्टीवर लोक चढतात, वायूच्या टाकीत पाणी भरून पाणबुडे सराव करतात, आणि विषारी माती टप्प्याटप्प्याने हाताळली गेली.

हे सगळे आता मांडण्याचे कारण म्हणजे पूर्व किनारा. ससून डॉकपासून वडाळ्यापर्यंत मुंबई बंदराची शेकडो हेक्टर जमीन आहे. बरीचशी गोदामे ओस पडली आहेत, कारण मालाची बरीच वाहतूक केव्हाच न्हावा-शेव्याकडे गेली. तिच्या पुनर्विकासाचे आराखडे होत आले आहेत. मध्य मुंबईला पुन्हा अशी जमीन मिळणार नाही. तिथे तीन वाट्यांचा नियम लागू करावा, आणि वाटणी उभ्या गोदामांसकट संपूर्ण जमिनीची असावी. मोकळा वाटा सलग आणि पाण्याच्या कडेने असावा. इमारतींच्या मधल्या फटी जोडून दाखवलेला नसावा. घरांचा वाटा त्याच हद्दीत बांधावा, कर्जत-खोपोलीत नाही. याच किनाऱ्यावरच्या दारूखाना भागात कित्येक दशके जुन्या बोटी फोडल्या गेल्या, त्यांतले तेल आणि जड धातू मातीत मुरले आहेत. त्या मातीची तपासणी आणि सफाई जमीनमालक असलेल्या बंदराच्या खर्चाने, कुदळ पडण्याआधी व्हावी. तिथे झोपड्यांत राहून बोटी फोडणारी, गोदामांत हमाली करणारी माणसे आहेत. गिरणी कामगारांच्या पहिल्या सोडतीला संपानंतर 30 वर्षे लागली. बंदरातल्या या माणसांची यादी पहिला भूखंड विकला जाण्यापूर्वी तयार करून जाहीर करायला हवी.