पुस्तक-परिचय : शत्रूचें आतिथ्य

अमेरिकन लेखिका मेलनी बेंजामिन यांची ‘मिस्ट्रेस ऑफ द रिट्झ’ (२०१९) ही इंग्रजी कादंबरी पॅरिसमधील ऐश्वर्यशाली रिट्झ हॉटेलांत घडते. जून १९४० मध्यें जर्मनांनीं शहर घेतलें आणि प्रत्यक्ष गोअरिंग तेथें उतरला. व्यवस्थापक क्लोद ओझेलो हा शत्रूची हंसतमुखानें सरबराई करतो. पत्नी ब्लांश जन्मानें ज्यू, पण पासपोर्टांत तें लपविलेलें. अतिथिधर्म कोठें संपतो आणि लाचारी कोठें सुरू होते, हा प्रश्न कोणाही गृहस्थास (नावडता पाहुणा कोणाकडे येत नाहीं?) झोंबेल. दांपत्य खरें, संवाद अर्थात् कल्पित. त्यांचे रुसवेफुगवे आम्हांस लांबलेले वाटले. परंतु १९४४ सालीं ब्लांशला अटक होते, तेथून पुस्तक खालीं ठेववत नाहीं.