बंद बंगल्याला सूट, राहत्या घराला नोटीस

गेल्या ईदला आजोळी गेलो होतो. रायगडच्या किनाऱ्यावरचं गाव, नाव मुद्दाम लिहीत नाही. मामेभावाने घरामागे दोन खोल्या काढल्यात. लग्न ठरलंय, घरात आधीच नऊ माणसं, दुसरीकडे जागा नाही. खोल्यांवर पत्रा पडला आणि आठवड्यात नोटीस आली: बांधकाम गावठाणाबाहेर, बिनशेती परवानगी नाही. त्याच्या अंगणातून पाहिलं की टेकडीवर बारा-पंधरा बंगले दिसतात. ईदच्या रात्री त्यातल्या एकातही दिवा नव्हता.

मामी म्हणाली, "त्यांचं नशीब." मी कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो, म्हणून सांगतो की हे नशीब नाही. हे धोरण आहे, आणि त्यातली बरीचशी कलमं छापील स्वरूपात कुणालाही वाचता येतात.

मुंबईत एकाने जुना फ्लॅट विकला आणि १० कोटींचा दीर्घकालीन नफा झाला असं धरू. जुलै २०२४ पासून अशा नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, म्हणजे १ कोटी २५ लाख. पण त्याने त्या पैशातून किहीमला किंवा आवासला बंगला घेतला, तर आयकर कायदा म्हणतो, कर माफ. तो तिथे राहायला पाहिजे अशी अट नाही. २०२३ पर्यंत या सवलतीला वरची मर्यादाच नव्हती. त्या वर्षी ती १० कोटी ठरली, आणि याला आपल्याकडे 'श्रीमंतांवर कडक कारवाई' म्हटलं गेलं! आता दुसऱ्या बाजूने बघा. प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) एका घराला केंद्राच्या निकषाप्रमाणे १ लाख २० हजार मिळतात. त्या एका बंगल्यासाठी सोडलेल्या करात अशी १०४ घरं बसतात. घरकुल मागणाऱ्याला यादी, फोटो, हप्ते, पुन्हा फोटो. बंगलेवाल्याला एक सीए पुरतो.

पुढे जाऊ. पूर्वी माणसाकडे दोन घरं असली, तर दुसऱ्या बंद घराचं अंदाजे भाडं धरून त्यावर आयकर लागायचा. २०१९ च्या अंतरिम अर्थसंकल्पाने ते दुसरं घरही शून्य भाड्याचं ठरवलं. घर का रिकामं आहे याचं कारण सांगण्याची अटसुद्धा २०२५ मध्ये काढून टाकली. कोविडच्या काळात राज्याने सप्टेंबर ते डिसेंबर २०२० मुद्रांक शुल्क तब्बल ३ टक्के बिंदूंनी उतरवलं. त्यातही पहिलं घर आणि चौथं घर असा भेद केला नाही. मामेभावाने मात्र त्या दोन खोल्यांसाठी घेतलेल्या सिमेंटच्या प्रत्येक गोणीवर २८ टक्के जीएसटी भरला. तो १८ टक्के झाला सप्टेंबर २०२५ मध्ये, तेव्हा त्याच्या भिंती उभ्या राहून झाल्या होत्या.

आता जमिनीकडे या. अटल सेतू १२ जानेवारी २०२४ ला सुरू झाला. २१.८ किलोमीटर, १७ हजार कोटींहून अधिक खर्च, त्यात जपानच्या जायका संस्थेचं मोठं कर्ज. मार्च २०२० पासून मांडव्याला रो-रो येते. रेवस-कारंजा पुलाचं काम चालू आहे. हे सगळं सार्वजनिक पैशातून. पूल होतो तेव्हा त्याच्या दुसऱ्या टोकाची जमीन महाग होते, आणि ज्याच्या नावावर ती असते त्याने त्यासाठी एक घमेलंही उचललेलं नसतं. रिकार्डोने दोनशे वर्षांपूर्वी याला खंड म्हटलं. हेन्री जॉर्जने १८७९ मध्ये लिहिलं की कर लावायचाच तर आधी यावर लावा, माणसाच्या श्रमावर नंतर. आपण बरोबर उलटं केलंय. नगरपालिकेच्या हद्दीपासून ठरावीक अंतराबाहेरची शेतजमीन आयकराच्या लेखी भांडवली मालमत्ताच नाही. तिच्या विक्रीचा नफा करमुक्त. ही सूट शेतकऱ्यासाठी होती, आणि आपल्याही घरांनी तिचा फायदा घेतलाय, हे कबूल करतो. पण पुलाची बातमी आधी कळते ती भात लावणाऱ्याला नाही. कागदावर शेतकरी असलेला शहरातला माणूस आधी घेतो, पाच वर्षं कुंपण घालून ठेवतो आणि विकतो. कर्ज फेडायचं आपण सगळ्यांनी, वाढलेली किंमत त्याची.

हा किनारा या गोष्टीला नवखा नाही. १९३३ ते १९३९ चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली सहा वर्षं जमिनी कसल्या नाहीत. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती रद्द करण्याचं विधेयक मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. आपल्यातही खोत होते, हे विसरून तो इतिहास 'त्यांचा' म्हणून सोडून देऊ नका. २१ सप्टेंबर २००८ ला हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांनी महामुंबई सेझवर मतदान केलं आणि नको म्हणून सांगितलं. त्या लोकांना धरणाच्या पाण्याने जमिनीची किंमत किती वाढते हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. आता उरण, पनवेल, पेणमधल्या १२४ गावांवर नवनगराची अधिसूचना आहे. पुन्हा तोच प्रश्न: वाढलेली किंमत कुणाची?

आपल्या मंडळींचं उत्तर ठरलेलं असतं. "हे मोठ्या लोकांचं काम. आपल्यापुढे याहून मोठे प्रश्न आहेत." मला हे पटत नाही. आपण शिबिरं घेतो, संविधानावर बोलतो, द्वेषावर बोलतो, आणि ते बोललंच पाहिजे. पण अर्थसंकल्पावर एक सत्र ठेवलं की निम्मी मुलं चहाला जातात. ज्याला गावात दोन खोल्या कायदेशीर बांधता येत नाहीत, तो कायम कुणाच्या तरी मेहेरबानीवर राहतो. आज नोटीस थांबवून देणारा उद्या मत मागायला येतो. नोटीस हातात असलेला माणूस सभेत उभा राहून काय बोलणार?

आणखी एक म्हणतात: बंगल्यांनी रोजगार दिला. दिला. एक राखणदार, एक माळी, आणि महिन्यातून दोन शनिवार स्वयंपाकाला बाई. मुरूडला किंवा हरिहरेश्वरला घरगुती खाणावळ चालवणारं कुटुंब तेवढ्याच जागेत बारा महिने पोट भरतं, मासळीवालीला गिऱ्हाईक देतं आणि रिक्षावाल्याला भाडं. माझा राग पर्यटकावर नाही, कुलपावर आहे.

वेल्समध्ये हेच दुखणं आहे. समुद्रकाठची घरं सुट्टीपुरती, गावची पोरं भाड्याने दुसरीकडे. तिथे एप्रिल २०२३ पासून स्थानिक परिषदांना दुसऱ्या घरावर नेहमीच्या करावर ३०० टक्क्यांपर्यंत जादा आकार लावता येतो. ग्विनेडने १५० टक्के लावला. त्याने सगळं सुटलं असं मी म्हणत नाही. पण निदान बंद घराचा खर्च कुणीतरी मोजला. आपली ग्रामपंचायत २०१५ च्या सुधारित नियमांप्रमाणे भांडवली मूल्यावर घरपट्टी घेते, हजार रुपयांमागे पैशांत. नियमात किमान आणि कमाल दर आहेत. बांधकाम मातीचं की आरसीसी हे बघितलं जातं, वर्षातले किती दिवस घर उघडं असतं हे नाही. तो भेद नियमात आणावा ही मागणी विधानसभेपर्यंत न्यायला हवी. त्याच्याच जोडीला गावठाणाची वाढ. पिढ्या वाढल्या, हद्द जवळपास जुन्या मोजणीचीच राहिली. मग 'अनधिकृत' कोण, माणूस की रेषा?

आता घरातलं. आपल्या मोहल्ल्यातही कुलपं आहेत. मालक कुवेतला, भाऊ मुंब्र्याला, सातबारावर चौदा नावं, त्यातली सहा मय्यत झालेली. एजंट येतो, प्रत्येकाला वेगवेगळा गाठतो, आणि सगळ्यात घाईत असलेल्या हिस्सेदाराच्या भावाने अख्खी वाडी जाते. आखातातल्या भावांना एक गोष्ट माहीत हवी: अनिवासी भारतीयाला वारशाने आलेली शेतजमीन ठेवता येते, विकत घेता येत नाही. परत आलात तरी सातबारावरचं शेवटचं नाव गेलेलं असेल, तर महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्याला शेतजमीन सहजी मिळत नाही. विकणं म्हणजे बहुतेक वेळा कायमचं विकणं.

आणि बहिणी. हिस्सा मुलाच्या निम्मा, हे सगळ्यांना पाठ असतं. तो निम्माही किती जणींच्या नावावर चढला, हे तलाठ्याकडे जाऊन बघा. वडिलोपार्जित मिळकतीत भावाच्या नावे हक्कसोड करायला मुद्रांक लागायचा २०० रुपये, २०२४ पासून ५००. पाचशे रुपयांत माहेरची जमीन सुटते आणि वर चहा मिळतो. गंमत अशी की बंगलेवाल्याला सूट देणाऱ्या सरकारवर आपण चिडतो, आणि स्वतःच्या घरात फुफीच्या हिश्शावर नफा मिळवतो तेव्हा त्याला राजीखुशी म्हणतो. माझ्या आईनेही सही केली होती. आज त्या जमिनीवर टेकडीवरचा तिसरा बंगला आहे.

२ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जा. नमुना ८ मागा, ती कर आकारणीची नोंदवही आहे आणि बघायचा तुम्हाला हक्क आहे. त्यातली बंद घरं मोजा, त्यांची घरपट्टी लिहून काढा, शेजारी गावठाणाबाहेरच्या नोटिसा मांडा. एका पानाचा तक्ता होईल. तो ग्रामसभेत वाचा, आणि इतिवृत्तात नोंदवला जाईपर्यंत खाली बसू नका.