पहिल्या नोकरीचे तास

भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना मिळायला 200 तासांचे उड्डाण लागते. गोंदिया, बारामती किंवा परदेशात शिकून तो हाती येईपर्यंत घरचे पन्नास लाख, कधी त्याहूनही जास्त, खर्ची पडलेले असतात. मोठ्या कंपन्यांची भरती मात्र लहरी. एप्रिल 2019 मध्ये जेट एअरवेज आणि मे 2023 मध्ये गो फर्स्ट थांबली, तेव्हा हजारो तास उडालेले वैमानिकच नोकरीच्या रांगेत आले; 200 तासवाल्यांना विचारतो कोण? अशा वेळी एखाद्या छोट्या चार्टर कंपनीतली सहवैमानिकाची जागा देवासारखी धावून येते. ती घ्यावी की नाही, हे मात्र पगारावरून ठरत नाही.

चार्टरचा सहवैमानिक निम्मा वैमानिक आणि निम्मा व्यवस्थापक असतो. हवामान, नोटाम (वैमानिकांसाठीच्या सूचना), उड्डाण योजना, वजन-संतुलनाचा तक्ता, इंधन हे सगळे तोच पाहतो. बॅगा चढवणे आणि नाश्त्याचे डबे मोजणेही बऱ्याचदा त्याच्याकडेच. सकाळी मुंबईहून नांदेड गाठायचे आणि नेत्याची सभा किंवा उद्योगपतीची बैठक संपेपर्यंत विमानतळावर बसून राहायचे, असा दिवस नेहमीचाच. मोठ्या कंपनीत यातले बरेच काम जमिनीवरचा विभाग उरकतो. इथे ते हाताने करावे लागते, म्हणून अंगात मुरते. छोट्या धावपट्ट्या आणि तुटपुंजी उपकरणे यांची सवय होते, ती वेगळीच.

खरा हिशेब लॉगबुकात असतो. वरचा परवाना, म्हणजे एटीपीएल, मिळायला 1500 तास लागतात. हाती 250 तास असलेल्याला महिन्याला 25 तास मिळाले, तर उरलेले 1250 तास भरायला चार वर्षे दोन महिने जातात. महिन्याला 60 मिळाले, तर पावणेदोन वर्षांत काम होते. शिवाय तास कोणत्या विमानातले, हेही महत्त्वाचे. किंग एअर बी200 हे विमान एका वैमानिकाने उडवण्यास प्रमाणित आहे. लिअरजेट 45 ला दोन वैमानिक लागतातच. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे परिशिष्ट 1 सांगते, की एका वैमानिकासाठी प्रमाणित विमानात देशाच्या नियमामुळे दुसरा वैमानिक बसला असेल, तर त्याचे तास वरच्या परवान्यासाठी साधारणपणे निम्मेच धरायचे. म्हणजे चार वर्षांची आठ वर्षे! म्हणूनच आपले तास पूर्ण धरले जातील का, याचे उत्तर नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या (डीजीसीए) नियमांत आधीच शोधावे. कंपनीच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

मग बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचा करार. टाइप रेटिंगचा, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याच्या परवानगीचा, खर्च कोण करणार, सिम्युलेटर परदेशी असेल तर तिकीट आणि राहणे कोणाकडे, मध्येच नोकरी सोडल्यास किती रक्कम भरायची आणि ती दर महिन्याला घटत जाते का, हे सारे करारात लिहिलेले हवे. एकच विमान असलेल्या कंपनीत ते महिनाभर दुरुस्तीला गेले, की वैमानिकही घरी बसतो. त्या महिन्याचा पगार मिळणार का, हेही विचारून घ्यावे. विचारायला लाज कसली?

शेवटचा प्रश्न सुरक्षिततेचा आणि सर्वांत अवघड. 14 सप्टेंबर 2023 रोजी मुंबईत मुसळधार पावसात उतरताना एक लिअरजेट 45 धावपट्टीवरून घसरले आणि मोडले. सुदैवाने आतले आठही जण वाचले. चार्टरच्या मागच्या आसनावर वजनदार माणूस बसलेला असतो आणि त्याला वेळेत पोचायचे असते. त्या दडपणाखाली नव्या सहवैमानिकाने ‘गो अराउंड’, म्हणजे उतरणे सोडून पुन्हा वर चला, असे म्हटले, तर कॅप्टन ऐकतो का? याचे उत्तर मुलाखतीत मिळत नाही. ते तिथून सोडून गेलेल्या दोघा-तिघांना गाठून विचारावे. त्यांचे उत्तर डळमळीत असेल, किंवा बॉण्ड तीन वर्षांचा आणि तास महिन्याला वीसच असतील, तर ती नोकरी नाकारलेली बरी.