बटण केसभर, आवाज घरभर

गेल्या महिन्यात नातीला मी उगीचच रागावलो. त्याची ही कबुली, आणि जोडीला एक आग्रहाचं मत.

नात गिटार वाजवते आणि तिची पेडल्सही घरीच बनवते. यावेळी फझ फेस केलं होतं. १९६६ साली लंडनला निघालेलं हे पेडल म्हणजे दोन ट्रान्झिस्टर, मूठभर सुटे भाग आणि दोन बटणं. इकडे ऑपरेशननंतर आमच्या हिची झोप फार सावध झालेली. "हळू वाजव गं," मी दहादा सांगितलं. अँप्लिफायरचं बटण आधीच तळाला होतं. "आजोबा, पेडलचं केसभर फिरवलं तरी ओरडतं ते!" मला तो बहाणा वाटला. मास्तर निवृत्त होतो, जीभ होत नाही! पोरीने पेडल कपाटात टाकलं. चार दिवस घर शांत. पाचव्या दिवशी हिनेच विचारलं, "ती हल्ली वाजवत नाही का?"

मग पेडल मीच उघडलं. (बी.ए. मराठीतलं असलं तरी हौस रेडिओ दुरुस्तीची.) व्हॉल्यूमच्या पॉटवर 'बी ५०० के'. बी म्हणजे लिनिअर. आराखड्यात होतं ए, म्हणजे लॉग. दुकानदाराने "चालतंय हो" म्हणून दिलेलं.

नाही चालत! लिनिअर पॉट अर्ध्यावर आणलं की व्होल्टेज निम्मं होतं, म्हणजे उतरतात फक्त ६ डेसिबल. कानाला आवाज निम्मा वाटायला साधारण १० उतरावे लागतात. म्हणजे सगळी उडी सुरुवातीच्या चिमूटभर फिरकीत, पुढचं फिरवणं जवळजवळ फुकट. लॉग पॉट अर्ध्यावर जेमतेम १० ते १५ टक्केच सोडतं, म्हणून हळू आवाजाला जागा मिळते.

पण म्हणून सगळीकडे लॉग लावू नये. याच पेडलचं फझचं बटण मुळात १ के लिनिअर, आणि त्याची सगळी गंमत शेवटच्या टोकाला दाटलेली. तिथे मी उलटं लॉग, म्हणजे सी लावीन. अक्षरांवरही विसंबू नका. जुन्या युरोपीय मालात ए म्हणजे लिनिअर असे. पॉट मध्यावर ठेवून मीटर लावा, एका मिनिटाचं काम.

आधी जुगाड केला. मधल्या पायापासून ग्राउंडला ४७ के रेझिस्टर जोडला. लिनिअर पॉट लॉगसारखं वागू लागलं, मध्यावर १४ टक्क्यांच्या आसपास. पण बटण पूर्ण उघडलं की खर्ज पातळ व्हायचा, कारण पॉट आता मागच्या लहानशा कपॅसिटरला ४३ केच दिसत होतं. नातीने ते लगेच ओळखलं, मला ऐकूही आलं नव्हतं. शेवटी पासोड्या विठोबापाशी जाऊन खरं लॉग पॉट आणलं.

सोल्डरिंग मी केलं. नातीची माफी मात्र हिने मागायला लावली.